काठ काढलेली भाकरी

अशा अतर्क्य गोष्टी मी आवडीने वाचते, पण विश्वास? शून्य. मी समुपदेशक आहे हो, कर्जत स्टेशनजवळ दोन खोल्यांचं क्लिनिक. 'काहीतरी दिसतं' म्हणत कुणी आलं की आधी विचारते, झोप किती झाली? तरीही हे लिहितेय. दमलेय, आणि मनात ठेवून आणखी दमायला होतं.

आधी माझं सांगते. माझी सई सात वर्षांची असताना डेंग्यूने गेली. सहा वर्षं झाली. तेव्हा आम्ही पुण्याला होतो. कर्जतमध्ये हे कुणालाच माहीत नाही... मीच सांगितलं नाही. इथे आले आणि कामाला लागले.

मार्चमध्ये सुमनताई आल्या, खालापूरकडच्या एका गावातून. नवरा साजगावला कारखान्यात होता. चार वर्षांपूर्वी फर्स्ट शिफ्टला जाताना वाटेतच हार्ट अटॅकने गेला. सोबत जाऊ होती, तीच बोलली. "म्याडम, हिला सांगा काय तरी. रोज सकाळी त्याचा डबा भरते हाय अजून. सांजच्याला म्हशीला घालते."

सुमनताई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "त्या दिवशी भांडान झालं, डबा घेतलाच नाय त्यांनी. उपाशी गेले ओ."

दुःख सगळ्यांना होतं, पण ते हळूहळू पुढे सरकतं. वर्ष उलटून गेल्यावरही माणूस त्याच सकाळी अडकून बसला असेल, तर त्यावर उपचार करावे लागतात. ती सकाळ मी त्यांच्याकडून परत परत सांगून घेतली. आठव्या भेटीत म्हटलं, पुढच्या वेळी येताना डबा आणा. रिकामी खुर्ची ठेवू, दादा तिथे बसलेत असं समजून बोला, मग आपण दोघी जेवू.

त्या बोलल्या. "रागानं गेलात ओ... मी हाक मारायला पायजे व्हती. आता जेवा, नि मला मोकळी करा." पोटभर रडल्या. मग डबा उघडला.

भाकरी होती. वाटी दाबून गोल कापलेली, काठ काढलेले. मधोमध गुळाचा खडा.

ही सईची भाकरी! काठ टोचतात म्हणायची, म्हणून मी वाटीने कापायचे. गूळ मधोमध हवा म्हणजे हवाच. काठ मी ओट्याशी उभी राहून खायचे.

"दादांना अशी आवडायची?" मी कसंबसं विचारलं.

"छे ओ! त्यांना सुकट लागायची, गोडाला हात नाय लावायचे." त्याही डब्याकडे बघतच राहिल्या. "आज वाटी कशी हातात आली, काय म्हाईत." मग पिशवीतून कागदाची पुडी काढली. "हे काठ. तुमच्यासाठी आनले... तुमी खाता ना?"

मी खाल्ले. क्लायंटसमोर रडू नये, हे मीच शिकाऊ मुलींना सांगते. रडले. सुमनताईंनी पाठीवर हात ठेवला. "कोन गेलं गं बाय तुजं?"

"सई," मी म्हटलं. कर्जतमध्ये ते नाव पहिल्यांदा तोंडातून निघालं.

दुसऱ्या दिवसापासून सुमनताईंनी डबा भरला नाही. उपचार लागू पडला, असं फाइलमध्ये लिहिलंय. वाटीचं मात्र काहीच लिहिलेलं नाही, काय लिहिणार? योगायोग म्हणून बघितलं, पण काठांच्या पुडीपाशी येऊन अडते. मला नाही कळत.

आता दर शनिवारी मीच एका समुपदेशक बाईंकडे जाते, समोरच्या खुर्चीत बसते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, सहा वर्षं काय करत होतात?

म्हटलं, दुसऱ्यांचे डबे सोडवत होते.