पानं झडलेल्या झाडांच्या सुलोचनाबाई

सुलोचनाबाईंची आणि माझी पहिली भेट भांडणात झाली. बोगादीला घर बांधल्यावर कृष्णराजनगरच्या माहेराहून आणलेला पारिजातक मी दाराशी लावला होता. आई गेल्यावर त्या घरातलं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. शिवरात्रीच्या सुमारास त्याची सगळी पानं झडली. नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं, सासूबाई म्हणाल्या, "शुभकार्याला दारात काष्ठ नको." माळी कुदळ घेऊन आला आणि मला रडू आवरेना.

तेवढ्यात शेजारच्या बाई फाटक उघडून आत आल्या. ओळख ना पाळख. त्यांनी फांदीची साल नखानं खरवडली आणि आतला हिरवेपणा सासूबाईंना दाखवला. "अय्यो, जिवंत आहे की हो! स्वल्प निजलंय. सुम्ने, उगाच कशाला उपटता?" सासूबाई सहजी ऐकणाऱ्या नव्हत्या. दारात काष्ठ दिसणार नाही, असा शब्द बाईंनी दिला, तेव्हा कुठे माळी परत गेला. मग लग्नादिवशी बाईंनीच त्या उघड्या फांद्यांवर झेंडूच्या माळा सोडल्या. पुढच्या श्रावणात सासूबाई पहाटे परडी घेऊन झाडाखाली बसलेल्या दिसल्या.

बाई रंगाऱ्यांच्या घरातल्या. पारिजातकाच्या देठांचा केशरी रंग लहानपणापासून त्यांच्या हाताला लागलेला. शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं. अंगणात मात्र सावनी, डाळिंब, देवचाफा अशी जुनी, पानं गाळणारी झाडंच वाढवली. बारमाही हिरव्या कुंड्यांवर त्यांचा राग आहे आणि तो त्या लपवत नाहीत. "सदा हसणाऱ्या माणसासारख्या," म्हणतात. हिवाळ्यात सावनी स्वतः छाटतात आणि मागेल त्याला लावायला फांदी देतात. एवढंच की, पहिल्या पानगळीत त्या न बोलावता त्याच्या घरी जातात. लोक झाड नेमकं तेव्हाच उपटतात, हे त्यांना ठाऊक आहे. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या घरांची निम्मी झाडं अशी वाचली आहेत.

गेल्या हिवाळ्यात बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. भेटायला जाणारे आम्ही हलक्या आवाजात बोलू लागलो. त्यांचं अंगण आता कोण बघणार, इथवर गोष्ट गेली. मला फार भीती वाटत होती. सासूबाई तर उशाशी बसून डोळेच पुसत होत्या. बाईंनी पांघरुणातून हात काढून त्यांच्यापुढे धरला.

"रडता काय? खरवडून बघा की."

सासूबाईंनी खरंच नख लावलं. "अय्यो, स्वल्प हळू!" बाई ओरडल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्या खोलीत सगळे हसले.

बाईंना आज पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. काठी टेकत का होईना, त्या पुन्हा झाडांत उभ्या आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्या पारिजातकाची पानं पुन्हा झडू लागली आहेत. बाई, बघायला या. फाटकाची कडी काढून ठेवली आहे.