झाकण कोणाचं?

इंदुताईंना एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बाभुळगाव रस्त्यावरच्या आमच्या गावात त्यांची अंगणवाडी आणि माझा ओटा समोरासमोर आहेत. तरुणपणी मी खडी गंमतीच्या तमाशात बाईची पात्रं केली, पायात चाळ बांधून गावंच्या गावं जागवली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून दुसऱ्यांचे प्रवेश पाहतो. एका कडेवर रडणारं लेकरू, दुसऱ्या हातात खिचडीचं पातेलं, आणि दार पायानं ढकलत आत. असा प्रवेश आमच्या मंडळात कोणाला जमला नसता.

मारेगावकडून लग्न होऊन आल्या, काही वर्षं शेतात राबल्या, मग सेविका झाल्या. त्यांच्याकडे लेकरांच्या हाती पाटी उशिरा येते. आधी सरकी मुठीत धरायची, तुरीच्या शेंगा सोलायच्या, चिखलाच्या भाकरी थापायच्या. आया कुरकुरतात. एकीनं मागे ऐकवलं होतं, "पाटी कवा देता, ताई? माती तं घरी बी हाये." ताई म्हणाल्या, "घरी तुम्ही हात लावू देता काय?" यावर ती हसली होती.

फवारणीचे दिवस होते. ताईंनी सगळ्यांना घरून एकेक झाकण आणायला सांगितलं. प्रत्येकापुढे पाण्यानं भरलेली एक वाटी आणि एक रिकामी. आपल्या झाकणानं पाणी इकडून तिकडे न्यायचं. छोट्या झाकणाला वेळ लागतो, मोठ्याला कमी, हे लेकरांनी स्वतःच शोधायचं. सकाळभर नुसता छपछपाट, मग सगळी झाकणं एका टोपलीत जमा. मी ओट्यावरून दाद देत होतो.

दुपारी लेकरं घरी गेली आणि ताई रस्ता ओलांडून आल्या. हातात कागद, कागदावर एक पांढरं झाकण.

"आबाजी, वास घ्या बरं. हे मले टोपलीत भेटलं."

मी आयुष्यभर तोंडाला रंग म्हणून मुर्दाडशिंग फासलेला माणूस. पण हा वास त्याहून कडक होता. फवाऱ्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण होतं ते. नाक दूर न्यायच्या आतच ताई रस्त्यावर उतरल्या होत्या. ते कोणी आणलं आणि त्या लेकराच्या पोटात काही गेलं का, एवढंच त्यांना हवं होतं. वाट्या वेगळ्या होत्या, म्हणजे धोका असेल तर एकालाच.

काठी घेऊन मी मागे निघालो. आया-बाप वावरात, फोन लागेनात, घरी म्हाताऱ्या आणि लेकरं. ताई प्रत्येक घरी आधी लेकराचे हात साबणानं धुवायला लावत, मग त्याला विचारत, तुझं झाकण कसं होतं? एवढ्या लहान पोरांना रंग आठवेना. पण बोटांना आठवत होतं. एकानं हवेत मूठ फिरवून लोणच्याची बरणी उघडली. एकीनं अंगठ्यानं टिचकी मारली, तेलाच्या बाटलीची. गुलनारनं दोन्ही तळवे लावून अख्खा डबा दाखवला. मी चाळ तुटेपर्यंत अभिनय केला, पण इतका खरा हात माझा कधी पडला नाही. ताईंचं मात्र लक्ष पुढच्या दाराकडे. मी थांबा म्हटलं तर म्हणाल्या, तुम्ही बसा, मले नाही बसवत.

शेवटचं घर गोपालचं, त्याची पोरगी निकिता ताईंकडे येते. आजी दारात होती. निकिता आल्यापासून झोपली आहे, जेवलीही नाही, असं ती सहज म्हणाली. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी पोरीला उचलून उठवलं. तिनं डोळे चोळले, ताईंना ओळखलं, आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मी नव्हती लावत हात. बाबा म्हन्ते जहर हाये."

"मंग आनलं काहून, बाई?"

"तुम्ही म्हनलं ना, सगळ्यायनं आना. आमच्या डब्यायले झाकनच नाही."

"मंग खेळली काय त्याच्यानं?"

"तुम्हीच तं माहा हात धरून वाटीत घातला. भिऊ नको म्हनलं."

ताईंनी तिला कडेवर घेतलं. गावातल्या युनूसच्या ऑटोत बसून आम्ही पोरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात आणि तोंड पुन्हा धुवायला लावलं, डोळे तपासले, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. गोपाल फवाऱ्याच्या कपड्यांतच धावत आला, तेव्हा ती बिस्कीट मागत होती. ताई बाहेर येरझारा घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पाट्या आल्या. टोपली कपाटावर गेली. आयांच्या मनासारखं झालं होतं. पण एवढी शांतता मला सहन होईना, नाटक पडल्यावर मंडपात असते तशी. मी रस्ता ओलांडून दाराशी उभा राहिलो. निकिता पुढ्यातल्या पाटीलाही हात लावत नव्हती. हात पाठीमागे.

ताई एकदा फळ्याकडे गेल्या, एकदा खिडकीकडे. मग घरी जाऊन आल्या. आपल्या चहाच्या डब्याचं पितळी झाकण आणून त्यांनी निकितापुढे जमिनीवर ठेवलं.

"हे माह्या घरचं हाये. तुले वाटलं तं घे."

आणि दूर सरकून चक्क बसल्या.

पोरगी बराच वेळ पाहत राहिली. मग वाकली आणि हात न लावता नाक जवळ नेलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. शेवटी दोन बोटांनी झाकण उचलून ताईंच्या नाकापुढे धरलं.

"आधी तुम्ही."

ताईंनी वास घेतला. बाकीची लेकरं पाट्या टाकून कपाटापाशी जमली, टोपलीकडे हात वर करून.