मामाजी पाय पाहतात

आमच्या मामाजींनी गेल्या पन्नास वर्षांत एकाही माणसाच्या तोंडाकडे धड पाहिलेलं नाही. हे मी रागानं म्हणत नाही, आणि मामाजी गर्विष्ठ आहेत असंही नाही. ते पाय पाहतात. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. गोंदियाजवळ कुडव्याला रस्त्याकडेच्या एका खोलीत बसून ते चपला करतात. दारात कुणी उभं राहिलं की त्यांची नजर अंगठ्यापासून टाचेपर्यंत जाते आणि तिथूनच परत फिरते. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला गेलो, तर मी वाकायच्या आधी तेच वाकले. मी मनात म्हटलं, काय हा विनय! त्यांनी माझी टाच दाबून पाहिली आणि भाचीला म्हणाले, "माणूस बरा हाय, टाचा फुटल्या फक्त. तेल लावत जा म्हणा." एवढ्यावर माझी पसंती झाली. पुढे दोन महिन्यांनी गोंदियाच्या बाजारात मी त्यांना समोरून नमस्कार केला, तर ओळख नाही. खाली पाहिलं तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उजळला.

आमच्या सासरच्या अख्ख्या गोतावळ्यात मामाजी एकटेच ख्रिस्ती, आणि त्यांची भक्तीही पायांवरूनच चालते. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, ही एकच गोष्ट त्यांना जन्मभर पुरली आहे. त्यांचं शास्त्र, म्हणजे बायबल, हातात घेतलं की आपोआप त्या पानावर उघडतं. बाकीची पानं अजून करकरीत आहेत. पाळकसाहेबांनी एकदा सुचवून पाहिलं की पुढेमागेही वाचण्यासारखं बरंच आहे. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांच्या उजव्या बुटाचा तळ झिजल्याचं त्यांच्या कानावर घातलं. रविवारच्या उपासनेला ते न चुकता जातात, पण आत पोचतात अर्ध्यावर, कारण बाहेर काढून ठेवलेल्या वहाणांतून त्यांचा पाय निघत नाही. शेवटची प्रार्थना होईतो निम्म्या मंडळीचे तुटके पट्टे शिवून झालेले असतात. एका लग्नाच्या मांडवात तर त्यांनी नवरदेवाचे कोरे, टोकदार बूट पात्यानं दोन्ही बाजूंनी चिरले. नवरदेवाच्या आईनं जो तोंडाचा पट्टा सोडला तो जेवणाच्या पंगती उठेपर्यंत थांबला नाही. मामाजींचं म्हणणं इतकंच की पोरगा आता हसून तरी राहिला.

आणि खिळ्याशी त्यांचं हाडवैर. चप्पल शिवतील, चिकटवतील, पण खिळा ठोकणार नाहीत. "पायात खिळा एकदा गेला तेवढं पुरे झालं," म्हणतात. हे येशूविषयी म्हणतात की स्वतःविषयी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मामाजींच्या दोन पायांना मिळून चार बोटं उरली आहेत.

तरुणपणी ते राइस मिलमध्ये हमाली करत. एके दिवशी बॉयलरमधून काढलेल्या भुशाच्या गरम राखेत ते विडी ओढत उभे राहिले. बाकीचे ओरडले, तेव्हा यांना कळेना की लोक ओरडतात काय म्हणून. महारोग निघाला. घरच्यांनी शेतावर झोपडी घालून दिली आणि तिथे ते चार वर्षं एकटे राहिले. जेवण घेऊन यायची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा बारा वर्षांची पोर. डबा बांधावर ठेवायची, तोंड फिरवायची आणि तो रिकामा होईपर्यंत तशीच उभी राहायची. कुणीही आलं तरी तोंड पलीकडे आणि पाय तेवढे अलीकडे. पाय पाहायची सवय लागली ती अशी.

पाचव्या वर्षी ते मिशनच्या एका दवाखान्यात जाऊन पडले. तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी त्यांचे सडलेले पाय घमेल्यात घेतले आणि उघड्या हातांनी धुतले. "पाणी गरम का थंड, मले कळलं नाही," मामाजी सांगतात. "पण कोणीतरी हात लावून राहिलं, हे दिसून राहिलं होतं." काऊन धुता माझे पाय, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं येशूची ती एक गोष्ट सांगितली. औषधानं रोग गेला. बोटं आणि स्पर्श परत आले नाहीत. मामाजी तिथेच मऊ रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला करायला शिकले. त्या सगळ्या काळ्या असत. लांबूनच ओळखू येत, म्हणून रोगी त्या लपवून अनवाणी चालत आणि पुन्हा जखमा करून घेत. मामाजींच्या चपलांना लाल-पिवळे पट्टे असतात आणि वर रबराचं कापलेलं एक फूल. वाकड्या बोटांनी ते फूल कापायला दोन तास जातात. मी म्हटलं, कशाला एवढा खटाटोप? म्हणाले, "बिमारीची चप्पल बिमारीसारखी दिसली तं कोण घालन? सुंदर पाहिजे."

मी हसलो होतो. कचेरीत बसणारा शिकलेला माणूस मी. कुष्ठरोगाची लक्षणं सांगणारं सरकारी पोस्टर माझ्याच खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलेलं आहे. एका संध्याकाळी कचेरीतून निघून मी मामाजींच्या खोलीत शिरलो, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "जवाईबापू, डाव्या पायातली चप्पल कुठं हाय?" चप्पल पानठेल्यापाशी पडली होती आणि मी तिच्याशिवाय चाळीस पावलं चालत आलो होतो. मी म्हटलं, विसरभोळा झालो. मामाजी हसले नाहीत. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि पेनाचं टोक तळव्याला लागलं की सांगा म्हणाले. मला एकदाच लागलं. डोळे उघडले तेव्हा तळव्यावर शाईचे सहा ठिपके होते.

मी भडकलो. घरी येऊन बायकोला सांगितलं की तुझ्या मामाला जगात सगळीकडे स्वतःचाच रोग दिसतो. सात महिने मी कुडव्याला गेलो नाही आणि तिलाही जाऊ दिलं नाही. मग मोटारसायकलच्या सायलेन्सरला पाय चिकटला. करपल्याचा वास आधी शेजाऱ्याला आला.

दुसऱ्या दिवशी मामाजी ऑटोनं फुलचूरला आमच्या घरी आले. पहिल्यांदाच आले, कारण मी त्यांना कधी बोलावलंच नव्हतं. ते उंबऱ्याबाहेर बसले, घमेलंभर पाणी मागितलं आणि माझा पाय धुवायला लागले. "मी चार वर्षं गमावली, तुमी सात महिने," म्हणाले. "आता पुरे." त्यांच्या त्या वाकड्या बोटांत माझा पाय होता आणि पाणी गरम की थंड ते मला कळत नव्हतं. मला रडू आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. सरकारी दवाखान्याच्या रांगेत ते माझ्याबरोबर उभे राहिले. वर्षभराच्या गोळ्यांनी रोग गेला, तळवा मात्र आला नाही. शाईचे ठिपके पडले त्याच आठवड्यात गेलो असतो तर कदाचित आला असता. आता मी पिवळ्या फुलाच्या चपला घालून कचेरीत जातो. लोक विचारतात, कुठून घेतल्या? आधी मी गोंदियाच्या एखाद्या दुकानावर ढकलायचो, आता कुडव्याचा पत्ता देतो. मी ख्रिस्ती झालो नाही, आणि मामाजींनी तसं कधी सुचवलंही नाही.

आता मामाजींचे डोळे चालले आहेत. जुन्या रोगानं पापण्या पुऱ्या मिटत नाहीत, बुबुळं पांढरी पडत आली आहेत. डॉक्टरांनी फार आशा दाखवलेली नाही. ज्याच्या बोटांना कळत नाही त्याला आपल्या पायाची जखम डोळ्यांनीच शोधावी लागते. म्हणून रविवारी त्यांची उपासना झाली की मी जातो, त्यांचे पाय धुतो, तळवे पाहतो.

गेल्या रविवारी बायको सोबत होती. मामाजींनी तिला खिडकीशी बसवलं. "तू मायवर गेली म्हणतेत," ते म्हणाले. "मले तुह्या मायचं तोंड आठवत नाही. पाय आठवतेत. अंगठ्यापाशी तीळ होता." सासूबाईंनी देवाघरी जाण्यापूर्वी लेकीला एक गोष्ट सांगितली होती, ती तिनं त्या दिवशी मामाला सांगितली. झोपडीपाशी आई तोंड फिरवायची ती किळस येऊन नाही. तिला रडू यायचं आणि ते भावाला दिसू नये म्हणून ती पलीकडे पाहायची.

मामाजींनी पुढे सरकून आपलं तोंड भाचीच्या तोंडाजवळ नेलं, इतकं की श्वास लागावा. बायकोचे डोळे भरले आणि तिनं मान वळवली.

"फिरवू नको, बाई," मामाजी म्हणाले. "जरा पाहू दे."

घमेल्यातलं पाणी निवत चाललं होतं. मामाजींना ते कळणार नव्हतं. मी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि पुसत बसलो.