उजव्या बिजागऱ्या

सहा मार्च, सकाळचे अकरा. ठरलेली रक्कम चौऱ्याऐंशी हजार पाचशे रुपये. हजर तिघे: मी, आमच्या संकुलाचा वॉचमन आणि माझा साडू.

नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्यावर आमचं अठ्ठावीस गाळ्यांचं संकुल आहे. खाली माझं स्टेशनरीचं दुकान, वर क्लास आणि दातांचा दवाखाना. गाळेधारकांचा चिटणीस मीच. जिन्याला दोन लोखंडी दरवाजे, खाली एक, वर एक. वरचा किती वेळा उघडतो ते मी एकदा तासभर मोजलं होतं. एकशे बारा वेळा उघडला. फरशी धुतलेल्या पाण्यानं त्याचा खालचा पत्रा गंजला होता, बिजागऱ्या झिजून दाराचा पल्ला फरशीला घासत होता. अकरा वर्षं मी त्याला तेल घातलं, पाचर ठोकली. आता दोन्ही बदलायचे ठरले, आणि तीन कोटेशनांत सगळ्यात कमी माझ्याच साडूचं निघालं.

त्याचा खामगावला फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडनेर भोलजीला सासुरवाडीचं फाटक त्यानं नवं बसवलं, तेव्हापासून सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ते उघडून दाखवतात. "एका बोटानं सरकते पाहा. लहान जावयाच्या हाताले गुण हाये." मोठा जावई शेजारी चहा पीत बसलेला असतो. त्या घराचे वारसाचे कागद मी चौदा चकरा मारून करून दिले. ते कोणी उघडून दाखवत नाही.

तर त्या दिवशी साडू माप घेत होता आणि मी लिहीत होतो. खालचं माप त्यानं रस्त्यावर उभं राहून घेतलं. वर गेलो तोच क्लास सुटला. पोरांच्या लोंढ्याला वाट द्यायला तो आत सरकला आणि तिथूनच सांगू लागला. रुंदी, उंची, मग म्हणाला, "बिजागऱ्या उजव्या."

दरवाजा डावा की उजवा हे बाहेरून पाहून लिहायचं असतं. हे मला त्यानंच वडनेरला शिकवलं होतं. आतून उजव्या म्हणजे बाहेरून डाव्या. माझ्या ते त्याच क्षणी लक्षात आलं. मी पेन उचललं आणि त्यानं सांगितलं तेच लिहिलं: उजव्या. खाली त्याची सही घेतली.

अठरा दिवसांनी दरवाजे आले. खालचा तासाभरात बसला. वरची जुनी चौकट काढली, नवी लावून पाहिली, तर पल्ला भिंतीकडे न जाता थेट पायऱ्यांवर उघडत होता. चढून येणाऱ्या माणसाच्या तोंडावरच.

"उलटा करून लावा ना," वॉचमन म्हणाला.

"मंग वरची डोकवायची काच खाली गुडघ्याशी येईन. कुत्र्यायनं डोकवावं काय?" साडू म्हणाला. दवाखान्यातले पेशंट गाल धरून हसले. मीही हसलो. त्यानं माझा कागद मागितला, दोनदा वाचला आणि पायरीवर बसला. "तुमचं अक्षर हाये साडूभाऊ, म्हणजे मीच तसं सांगतलं असन. चूक माझी." नवा पल्ला आणि चौकट, एकोणीस हजारांचा खड्डा, त्यानं स्वतःच्या अंगावर घेतला.

घरी बायको म्हणाली, "तुम्ही भाजीवाल्याचे सुटे पैसे दोनदा मोजता. हे कसं नाही दिसलं तुम्हाले?" मी जेवत राहिलो.

वरचा दरवाजा त्यानं पुन्हा करून आणला, तो नीट बसला, संकुलाचे पैसे दिले गेले. आठ दिवस मी त्या दरवाजातून जा-ये केली. खरंच, एका बोटानं उघडत होता. नवव्या दिवशी एकोणीस हजार घेऊन मी खामगावची बस धरली.

त्यानं ग्राइंडर बंद केला. मी सांगितलं, जसं घडलं तसं.

"मंग तवाच काऊन नाही बोलले?"

"हेवा वाटला."

"माह्या? कायचा?"

"वडनेरच्या फाटकाचा."

तो हसायला लागला. "अहो, ते फाटक मी दोनदा उलटं लावलं होतं! तिसऱ्या वेळी जमलं. सासूबाई म्हणे, मोठ्या जावयाले सांगू नका, तो हिशोब मांडीन."

हे मला लागलं. मी पाकीट टेबलावर ठेवलं. तो नको नको म्हणाला, पण मी उठेना, तेव्हा त्यानं ते न उघडता ड्रॉवरमध्ये टाकलं.

"मोजून घ्या," मी म्हणालो.

"तुमचे पैसे कोणी मोजते काय?"

संकुलाच्या खात्यातून साडूला चौऱ्याऐंशी हजार पाचशे, ठरल्याप्रमाणे. माझ्या खिशातून साडूला एकोणीस हजार, न मोजता.