लिस्बनला जाण्याआधीच्या भाकऱ्या

आमच्या फ्रीजच्या दारावर जगाचा नकाशा लावला तो आमच्या सौभाग्यवतींनी. त्याआधी तिथं गॅसवाल्याचा नंबर होता. तो कुठं गेला ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सिडकोतल्या आमच्या घरात ती कित्येक वर्षं मेस चालवते आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी शहरात येऊन राहिलेली पोरं-पोरी दोन्ही वेळा जेवायला येतात. मी वाळूजच्या एका कारखान्यात होतो. लवकर निवृत्ती घेतली आणि तेव्हापासून भाजी आणणं, ताटं मांडणं आणि गरज नसताना मध्ये बोलणं एवढं माझं काम. भाकरी मात्र तिचीच. ज्वारीची, हातानं थापलेली, टम्म फुगलेली. त्या भाकरीवर आमचं घर झालं आणि मुलीचं शिक्षण, लग्नही झालं.

तिचं माहेर गंगापूर तालुक्यातलं. त्यांच्या शेतातून रेल्वे दिसायची. ही गाडी पुढं कुठं जाते, असं ती वडिलांना विचारायची. ते म्हणायचे, मनमाडला. त्याच्या पुढं? मग ते म्हणायचे, मुकाट्यानं गवत काप. हे तिनं लग्नानंतर मला सांगितलं होतं आणि मी नुसता हसलो होतो. मुलगी सासरी गेल्यावर एका संध्याकाळी परात घासता घासता तिनं जाहीर केलं, "मला लांबच्या गाडीत बसायचंय. एका खंडातनं दुसऱ्या खंडात जाणाऱ्या."

मला वाटलं, फार तर कन्याकुमारी.

बेत असा होता. आपल्याकडून जमिनीवरून तिकडं जायची सोय नाही, म्हणून तुर्कस्तानात अंकारापर्यंत विमान. तिथून रेल्वेनं इस्तंबूल. इस्तंबूलमध्ये समुद्राखालच्या बोगद्यातून रेल्वे आशियातून युरोपात जाते, हे तिनं मला अशा थाटात सांगितलं की जणू बोगदा तिच्या माहेरच्यांनी खणला होता. पुढं सोफिया, बुखारेस्ट, बुडापेस्ट, व्हिएन्ना, पॅरिस, माद्रिद आणि शेवटी लिस्बन. आम्ही दोघं, पाठीवर एकेक पिशवी, आणि खर्च मेसच्या शिलकीतून भागेल एवढाच.

"अगं, विमानानं थेट जाऊन येऊ की," मी म्हणालो.

"विमानातनं काय दिसतं हो? ढगंच की. ढग तर गच्चीवरनं बी दिसत्यात."

मी उठून फ्रीजवरच्या नकाशावर लिस्बन शोधायला लागलो.

शहागंजच्या बाजारात लसूण घेताना ती तीन दुकानं फिरून पहिल्याकडं परत येते. तिकिटांच्याही ती तशीच मागं लागली. दुपारी मेसचं आवरलं की फोन घेऊन बसायची. तिकडची तिकिटं फार आधी घेतली तर स्वस्त पडतात, पण मग परत करता येत नाहीत, हे तिनं शोधून काढलं. रात्रीच्या गाडीत झोपलं की त्या रात्रीची खोली वाचते, हेही. "भाडं बी त्यातच अन् खोली बी त्यातच," ती हिशेब सांगायची. जिथं मुक्काम करावाच लागेल तिथं स्वयंपाकघर असलेली जागा. सोबत सुरुवातीच्या दिवसांना पुरतील एवढ्या दशम्या, नंतरसाठी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी.

गाडी बदलायच्या प्रत्येक ठिकाणी तिनं अर्धा अर्धा दिवस मोकळा ठेवला होता. आमच्या गावच्या माणसाला मनमाडला गाडी बदलायची जन्माची सवय. पहिली गाडी उशिरा येणार आणि दुसरी आपल्यासाठी थांबणार नाही, याचं आम्हाला बाळकडूच मिळालेलं. मी म्हणालो, व्हिएन्नातले लोक हसतील आपल्याला.

"हसू द्या. त्यांनी मनमाड बघितलेलं नाय."

खरं सांगतो, मी तिच्यावर जन्मभर प्रेम केलं असेल, पण तिच्याविषयी असा आदर मला त्या दुपारींमध्ये वाटला. या बाईनं कधी पैठणलासुद्धा एकटीनं जाऊन पाहिलं नव्हतं. लग्नाआधी भाऊ सोबत, लग्नानंतर मी. आणि ती बुखारेस्टच्या फलाटांविषयी बोलत होती.

घोडं अडलं ते व्हिसापाशी. युरोपचा व्हिसा हातात असला तरच तुर्कस्तानचा घरबसल्या मिळत होता, म्हणजे तो नाही तर सगळंच बारगळणार. त्या व्हिसासाठी मुंबईच्या केंद्रात जाऊन दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. आणि हिच्या बोटांना रेषाच नव्हत्या. गरम पाण्यात मळलेलं पीठ, तव्यावर हातानंच भाकरी उलटणं, वर भांड्यांची राख. बोटांची टोकं घासून गुळगुळीत झालेली. सिमकार्ड घेताना तिचा अंगठा कधी उमटला नव्हता. पासपोर्टच्या वेळी तिथल्या बाईंनी पुन्हा पुन्हा पुसून कसंबसं निभावून नेलं होतं.

ती हात मांडीवर ठेवून बसली होती. मी पहिल्यांदाच तिला हरलेलं पाहिलं. मला त्या मशीनचा, व्हिसाचा, अख्ख्या युरोपचा राग आला. ज्या हातांनी शेकडो पोरांना जेवू घातलं, ते हात यांना ओळखू येत नाहीत म्हणे.

त्वचेच्या डॉक्टरांनी दिलासा दिला. पीठ, विस्तव, साबण, सगळं बंद करा, मलम लावा, दीड-दोन महिन्यांत रेषा परत येतील. पण मेस बंद ठेवायची म्हणजे प्रवासाचे पैसेच बुडाले. एक बाई ठेवून पाहिली. तिच्या भाकरीला पोरांनी नावं ठेवली आणि तिनं पोरांना. चौथ्या दिवशी ती आली नाही.

मग मीच परातीसमोर बसलो.

माझ्या पहिल्या भाकऱ्यांची आठवण आमच्याकडं जेवलेली पोरं अजून काढतात. "काका, आज ऑस्ट्रेलिया हाय का?" असं एकानं ताट पुढं करत विचारलं होतं. ती स्टुलावर बसून, मलम लावलेले हात हवेत धरून, मला शिकवायची. पाणी उकळतं घ्या. मळायला आळस नको. मी उलथनं उचललं की ओरडायची, "हातानं उलटा! उलथन्यानं भाकरीचा पापुद्रा फाटतो, मग फुगत नाय." मी हातानं उलटायचो, बोटं भाजायची, मी शिव्या द्यायचो, ती हसायची. कधीतरी भाकरी फुगायला लागली. पुढं तर पोरं दुसरीसुद्धा मागू लागली. आयुष्यात मला इतका अभिमान कशाचाच वाटला नव्हता.

तिकडं तिच्या बोटांवर बारीक बारीक रेषा उमटत होत्या. रोज सकाळी ती खिडकीत जाऊन हात उजेडात धरायची आणि मला दाखवायची. मी चष्मा लावून बघायचो.

मुंबईच्या केंद्रात तिचा नंबर आधी लागला. मी बाहेरच्या खुर्चीतून बघत होतो. डाव्या हाताची चार बोटं, उजव्या हाताची चार बोटं, दोन अंगठे. काचेपलीकडची मुलगी म्हणाली, "झालं, मॅडम." एवढ्या लवकर? ती वळली तेव्हा तिचं तोंड नव्या नवरीसारखं उजळलं होतं.

मग मी गेलो. हात काचेवर ठेवले. मुलीनं कपाळाला आठ्या घातल्या. "सर, पुन्हा ठेवा." ठेवले. ओल्या रुमालानं पुसून ठेवले. दाबून ठेवले. मशीन लाल ते लालच.

"सर, तुम्ही काय काम करता?"

मी आणि मागं येऊन उभी राहिलेली बायको, दोघंही एकाच वेळी माझ्या बोटांकडं बघायला लागलो. काळे डाग, फोड येऊन गेलेली चकचकीत कातडी. सोफियापासून माद्रिदपर्यंत सगळ्याचा विचार केलेल्या बाईच्या आणि फुगलेल्या भाकरीवर खूश असलेल्या माझ्या, दोघांच्याही डोक्यात ही गोष्ट आली नव्हती. बोटं बरी झाल्यावर नवी तारीख घेऊन या, असं सांगण्यात आलं. नवी तारीख मिळत होती ती आमच्या विमानानंतरची.

परतीच्या गाडीत कल्याण जाईपर्यंत ती काढून ठेवलेली तिकिटं फोनवर एकेक करून बघत होती. मग म्हणाली, "जाऊ द्या. पुढच्या वर्षी दोघं जाऊ. बुडू द्या तिकिटं."

"तू जाशील," मी म्हणालो.

"मी? एकटी?" तिला ते खरंच कळलं नव्हतं.

माझा आवाज चढला. डब्यातली माणसं बघायला लागली, पण मला थांबता येईना. म्हणालो, आज तू थांबलीस तर पुढच्या वर्षी मुलीचं काही निघेल, मग गुडघे निघतील, मग मीच आजारी पडेन. मी भाकरी करायला शिकलो ते तू घरी बसावंस म्हणून नाही. ती खिडकीकडं तोंड करून बसली. मला वाटलं, रडतेय. पण नाशिक सोडल्यावर तिनं फोन काढला आणि म्हणाली, "सोफियाच्या गाडीत बायकांचा वेगळा डबा मिळतो का ते बघते."

तिचा व्हिसा आला. मुंबईपर्यंत सोडायला येतो म्हणालो तर तिनं हात वर केला.

"नका येऊ. तिकडं विमानतळावर रडण्यापेक्षा आपल्या गावात रडून घेते."

पण स्टेशनवर रडलो तो मी. सकाळची गाडी आली, डब्यापाशी झुंबड उडाली आणि ती आत शिरली. मी फलाटावरून पाहत होतो. तिच्या जागेवर एक धिप्पाड गृहस्थ पाय पसरून बसले होते. एरवी अशा वेळी ती मागं सरकायची आणि मी पुढं व्हायचो. सवयीनं मी दाराकडं निघालोसुद्धा. तेवढ्यात आतून तिचा आवाज आला, मेसमध्ये पोरांना लावते तो.

"ओ भाऊ, उठा. ही जागा माझी हाय."

ते उठले.