दौंडच्या मुलीचा डावा पाय

दौंडच्या त्या मुलीचा डावा पाय लहानपणी मोडला होता, हे मला तिनंच सांगितलं. आमच्या शाळेच्या मैदानाकडेला ती बसली होती, टाचेला फोड आला होता आणि मी तिला पट्टी बांधत होते. ती आमच्या विरुद्ध संघातली होती. पण फोड आलेल्या पोरीला कुणी संघ विचारत नाही.

मी शिरूरमधल्या एका शाळेत खेळ शिकवते. स्वतः खो-खो खेळत वाढले. फुटबॉल माझ्या वाट्याला आला तो मुलींच्या हट्टानं. त्यांनी मोबाईलवर सामने पाहिले आणि एक दिवस माझ्यासमोर रांगेत उभ्या राहिल्या. आमचं मैदान म्हणजे अर्धा मुरूम, अर्धं गवत. मुली आसपासच्या गावांतल्या. कुणाचे वडील भाजीपाला पिकवणारे, कुणाची आई रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी. गोलकीपर कवठे येमाईची. कॅप्टन इनामगावची, काटक, बोलायला फटकळ. पळण्यात एकही कमी नव्हती. पण कधी पळायचं आणि कधी जागेवर थांबायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

ते कळलं दौंडचा संघ सरावाचा सामना खेळायला आमच्याकडे आला तेव्हा. त्यांना शिकवणारे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, मुली त्यांना आप्पा म्हणायच्या. त्या मुली बॉल लांब मारतच नव्हत्या. गोलकीपर जवळच्या मुलीला द्यायची, ती शेजारचीला, ती परत मागं. आमची एक मुलगी बॉलमागं धावायची, तिच्या मागं मोकळी जागा पडायची, बॉल नेमका तिथून निघून जायचा. मग दुसरी धावायची. सामना संपला तेव्हा आमच्या मुली गुडघ्यांवर हात टेकून उभ्या होत्या आणि दौंडच्या मुलींना फारसा घामही आलेला नव्हता. किती गोल झाले ते सांगण्यात अर्थ नाही.

त्याच दुपारी मी त्या मुलीला पट्टी बांधली. ती त्यांच्या बचावात उजव्या कडेला खेळायची. शांत, केसांची घट्ट वेणी, बोलताना खाली बघणारी.

"चांगलं खेळलीस," मी म्हटलं.

"नाही मॅडम. मला बॉल आला की धडधडतं." तिनं डावा पाय पुढे केला. "हा लहानपणी मोडलेला. जोडला नीट, डॉक्टर म्हणतात काही नाही. पण ह्या पायानं मारायची वेळ आली की डोळेच मिटतात. आप्पांना सांगितलं नाही. टीममधून काढतील."

"नाही काढणार," मी म्हणाले. तिच्या पाठीवर हात ठेवला. मला तिची खरंच काळजी वाटली होती. हे मी स्वतःला बजावून सांगते, कारण पुढे मी जे केलं त्यानंतर हे खरं वाटणं अवघड जातं.

त्या हारीनंतर मी शिकायला लागले. संध्याकाळी घरी सामने लावायचे, थांबवायचे, पुन्हा बघायचे. बॉल कुठं आहे ते सोडून बाकीच्या मुली कुठं आहेत ते बघायला लागले तेव्हा उजेड पडला. चांगले संघ बॉलवर एकेकटे धावून जात नाहीत. एक गेली की तिच्या शेजारची अर्धी वाट पुढे येते, मधल्या मुली वर सरकतात, बचावाची सगळी ओळ त्यांच्या पाठोपाठ वर येते. म्हणजे दोघींच्या मध्ये बॉल घालायला फटच राहत नाही. शेवटची ओळ मागं राहिली तर पुढच्यांचं सगळं पळणं वाया.

मुलींना हे मी कबड्डीतून समजावलं. चढाईला आलेलीचा पाय कोपऱ्यातलीनं धरला आणि बाकीच्या बघत राहिल्या तर काय होतं? "सुटती की," सगळ्या एकदम म्हणाल्या. मग मी ठिबकची जुनी नळी आणली आणि बचावातल्या चौघींच्या हातात दिली. नळी ताठ ठेवायची, पण ओढायची नाही. एक डावीकडे सरकली की चौघींनी सरकायचं. पहिले काही दिवस एकमेकींवर आदळून नुसती हसाहशी. मग एका सकाळी नळी काढून घेतली तरी त्या तशाच सरकल्या. त्या सकाळचा आनंद मला अजून आठवतो.

ओळ जमली, आता झडप शिकवायची होती. झडप सारखी घालता येत नाही, छाती फुटते. म्हणून एक वेळ ठरवायची: अमुक झालं की सगळ्यांनी मिळून जायचं, तोवर दबा धरून जागेवर. एरवी ही वेळ म्हणजे समोरच्या संघातली कुणी पाठमोरी असताना बॉल घेते ती, नाहीतर त्यांचा पास हळू जातो ती. त्या वेळी कॅप्टननं ओरडायचं. शब्द मी आमच्या खेळातलाच दिला. "खो!"

आणि मग जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत आमचा सामना पुन्हा दौंडशी पडला, दौंडलाच. आदल्या आठवड्यात मी फळ्यावर मैदान काढलं. त्यांच्या बचावातल्या बाकी सगळ्या जागांसमोर आमच्या मुली उभ्या केल्या. उजव्या कडेची जागा मोकळी सोडली.

"ही मोकळी का मॅडम?" कॅप्टननं विचारलं.

"बॉल तिकडंच जाऊ द्यायचा. तिच्याकडे गेला की खो. पण समोरून जायचं नाही. मैदानाच्या कडेच्या लाइनीच्या बाजूनं वळसा घालून जायचं, तिचा उजवा पाय बंद करायचा. ती आत वळेल, डाव्या पायावर. तिथं तू."

हे बोलताना माझा आवाज कापला नाही. खडू तुटला नाही. मी नेहमीसारखी शिकवत होते.

सामन्याच्या दिवशी आम्ही उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत, भीमेचा पूल ओलांडून दौंडला पोचलो. मैदान रेल्वे लाइनीजवळ होतं. मालगाडी जायला लागली की शिट्टीसुद्धा ऐकू यायची नाही. ती मुलगी मला बघून हसली, लांबूनच तिनं टाच वर करून दाखवली. बरी झाली म्हणून. मीही हात केला.

पहिला बॉल तिच्याकडे गेला. "खो!" कॅप्टन ओरडली आणि आमचा सगळा संघ एका अंगानं हलल्यासारखा वर गेला. आमची कडेची पोर वळसा घालून आली, ती मुलगी आत वळली, बॉल डाव्या पायाशी आला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं डोळे मिटले. कॅप्टननं बॉल काढून घेतला आणि गोल केला.

आमच्या मुली उड्या मारत होत्या. मीही हात वर केले होते.

त्यानंतर ते होतच राहिलं. त्यांच्या मुलींना दुसरीकडे पास द्यायला जागाच नव्हती, ती आम्ही ठेवलीच नव्हती. बॉल फिरून फिरून तिच्याकडेच यायचा. पुढं पुढं तर "खो" ऐकलं की बॉल यायच्या आधीच ती आखडायची. तिच्याच संघातली एक तिच्यावर ओरडली. आप्पांनी मध्यंतरानंतर तिला बाहेर घेतलं. ती पाण्याच्या बाटल्यांजवळ बसली आणि तिनं बुटाच्या नाड्या सोडायला सुरुवात केली. कितीतरी वेळ ती एकाच बुटाची नाडी सोडत होती.

त्याआधीच मी मुलींना थांबवू शकले असते. दोन गोल झाले होते, सामना हातात होता. दुसऱ्या बाजूनं जा, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी ते म्हटलं नाही.

सामना संपल्यावर आप्पांनी मला हात जोडले. "मॅडम, पोरींना बांधलंय छान तुम्ही. आमची कच्ची बाजू बरोबर हेरलीत. मला एवढी वर्षं दिसली न्हाई बघा." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तो मला जास्त सोसला असता.

शाळेत सत्कार झाला. मुख्याध्यापकांनी माझ्या अभ्यासू वृत्तीचं कौतुक केलं. मी घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खेळ आहे. समोरच्याची कमजोरी बघूनच खेळतात." बरोबर होतं. पण मी ती बघितली नव्हती. मला ती विश्वासानं दिली गेली होती.

महिन्याभरानं आप्पांचा फोन आला, सरावाच्या सामन्यासाठी. बोलता बोलता मी तिची चौकशी केली. "ती यायची बंद झाली," ते म्हणाले. "पाय दुखतोय म्हणती."

रविवारी मी दौंडची एसटी धरली. आप्पांनी पत्ता दिला होता. तिच्या आईनं मला ओळखलं नाही, खेळाच्या मॅडम म्हटल्यावर चहा टाकला. मुलगी बाहेर आली. तिनं वेणी घातली नव्हती. आई आत गेल्यावर आम्ही पायरीवर बसलो. मी बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं विसरले.

"मी चुकले," मी म्हटलं. "तू मला सांगितलं होतंस, ते मी वापरलं."

तिनं मोकळे केस मागं घेऊन बांधले. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. तरी म्हटलं, बघून पण कळलं असेल." आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत, "मॅडम, पट्टी बांधत होतात तेव्हाच ठरवलं होतं का?"

"नाही. तेव्हा नाही."

"मग कधी?"

"फळ्यापुढं उभी राहिले तेव्हा."

तिनं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी ते मागितलंही नाही. चहा आला. आम्ही तो प्यायलो. कप खाली ठेवताना ती अचानक म्हणाली, "पण त्यातून सुटायचं कसं? मी रोज विचार करते. मला काहीच सुचत नाही."

मग आम्ही घरामागच्या मोकळ्या जागेत गेलो. मी तिला दाखवलं. बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागं बघायचं, दोनदा. अंग लाइनीकडे बंद ठेवायचं नाही, मैदानाकडे उघडं ठेवायचं. सगळ्या तुझ्यावर धावून येतात म्हणजे त्यांच्या मागं कुठंतरी जागा मोकळी पडलेलीच असते. बॉल थांबवू नकोस, एका स्पर्शात गोलकीपरला परत दे, ती दुसऱ्या बाजूला लांब मारेल. ह्याला डावा पाय लागत नाही. आणि डाव्या पायासाठी, भिंत. रोज थोडं. डोळे मिटले तरी चालेल, मारत राहायचं. त्यानंतर मी आणखी काही रविवार गेले. घरी सांगून, शाळेत न सांगता.

आप्पांनी फोनवर विचारलेल्या त्या सरावाच्या सामन्याला दौंडचा संघ शिरूरला आला तेव्हा ती होती. पहिल्याच बॉलला आमची कॅप्टन "खो!" ओरडली. ती मुलगी आधीच मागं बघून झालेली. एका स्पर्शात बॉल गोलकीपरकडे, तिथून लांब पलीकडे. आमच्या सगळ्या मुली पुढं आलेल्या, मागं रान मोकळं. गोल. असं आणखी दोनदा झालं. एकदा तर ती डाव्या पायावर वळली. नेम चुकला, बॉल बाहेर गेला, पण डोळे उघडे होते. मला रडू येईल असं वाटलं. त्याच क्षणी माझी कॅप्टन धापा टाकत माझ्याकडे बघत होती.

सामन्यानंतर कॅप्टन सरळ माझ्याकडे आली. "मॅडम, तिला कुणी शिकवलं?"

"मी."

"का?"

मी तिला सगळं सांगितलं. पट्टीपासून पायरीपर्यंत. ती ऐकताना बुटाच्या टोकानं मुरूम उकरत होती.

"म्हंजी आमी दौंडला जिकलो ते त्यामुळं?"

"तुम्ही पळालात म्हणून जिंकलात."

"न्हाई मॅडम. ते सांगू नका." तिचा आवाज चढला. "आन् आमाला न सांगता तिकडं शिकवायला गेलात. आमी कोन मग तुमच्या?"

एकीशी केलेला दगा निस्तरायला गेले आणि दुसरीच्या पाठीमागं तेच केलं. कॅप्टन दोन दिवस सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, बाकीच्यांना घेऊन पळाली, माझ्याशी कामापुरतं बोलली. मी सगळ्या मुलींना बसवून तेच पुन्हा सांगितलं. काहींना त्यात काय एवढं असं वाटलं. गोलकीपरला वाईट वाटलं, ती म्हणाली, "त्या पोरीला आपन एकदा बोलवू या." तिला बोलावलं, पण ती आली नाही. परीक्षा आहे, असा तिनं निरोप पाठवला. ती दौंडकडून खेळते, एवढं मला आप्पांकडून कळतं. माझ्याशी ती चांगलं वागते, पण आता स्वतःहून काही सांगत नाही.

परवा पाबळच्या संघाशी सामना होता. मी मुलींना म्हटलं, "त्यांची गोलकीपर उंच बॉलला मागं सरते. कोपऱ्यातून उंच टाका."

कॅप्टननं हात वर केला. "हे तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. त्यांच्या गेल्या सामन्याला मी कडेला उभी होते. तिथून दिसलं."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं, जरा जास्तच वेळ.

"मग चालतंय," ती म्हणाली आणि मुलींना उठवून मैदानात घेऊन गेली.