सात तारखेचे साडू

माणसाला देव थोडा उशिरा भेटला तरी भागतं, जामीनदार मात्र वेळेवर भेटावा लागतो. आणि माझे थोरले साडू म्हणजे कोल्हापूर शहर आणि परिसरातले सर्वांत भयंकर जामीनदार होते. होते म्हणजे अजून आहेत, चांगले ठणठणीत आहेत, फक्त आता माझे जामीनदार नाहीत. साडू हे नातं तसं पातळच. दोन बहिणींचे नवरे, दिवाळीला सासुरवाडीत शेजारी शेजारी पाटावर बसायचं आणि एकमेकांच्या ताटातली करंजी मोजायची, एवढाच संबंध. पण शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फौंड्रीत मी हिशेबनीस, त्याच फौंड्रीत ते स्टोअरकीपर, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी कारखान्याच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं तेव्हा जामीनदार म्हणून खाली सही त्यांची.

स्टोअर हे त्यांचं संस्थान. तिथला कायदा एकच: जुनं आणून दाखवा, नवं घेऊन जा. फाटका हातमोजा दिल्याशिवाय नवा नाही, तुटकं पातं दिल्याशिवाय नवं नाही. एकदा खुद्द मालकांनी बॅटरीला सेल मागवले, तर साडूंनी निरोप धाडला, "जुने सेल पाठवून द्या म्हनावं." मालकांनी घरी गाडी पाठवून जुने सेल आणवले असं सांगतात. मी ते पाहिलेलं नाही. पण त्यानंतर मालक स्टोअरसमोरून जाताना आवाज न करता जात, हे मी पाहिलेलं आहे. त्यांची दुसरी विद्या कानाची. धातू ते कानाने ओळखत. एक व्यापारी गनमेटलचे, म्हणजे पितळेहून महाग धातूचे, सुटे भाग म्हणून एक पेटी घेऊन आला. साडू रजिस्टर लिहीत होते. मान वर न करता त्यांनी पेटीतला एक नग उचलला, फरशीवर टाकला, तो टणटणत टेबलाखाली गेला. "पितळ हाय," साडू म्हणाले. "पावणं, च्या घ्या आणि पेटी परत न्या."

असा हा लाखो खिळ्यांचा राखणदार स्वतःच्या घरात एक खिळा ठोकू शकत नव्हता. शुक्रवार पेठेत अठ्ठावीस वर्षं भाड्याच्या खोलीत राहिले, आणि घरमालकाची अट अशी की भिंतीला खिळा लावायचा नाही. त्यामुळे त्यांच्याकडे घड्याळ ट्रंकेवर बसलेलं, कॅलेंडर डब्याला टेकलेलं, आणि सासूबाईंचा फोटो मिठाच्या बरणीशेजारी उभा. कळंब्याकडे त्यांनी एक गुंठा घेऊन ठेवला होता. निवृत्तीच्या फंडातून तिथे दोन खोल्या बांधायच्या, हे त्यांचं एकमेव स्वप्न. "भिंत माझी, खिळा माझा, हातोडा माझा. इचारायचं कुनाला?" हे वाक्य ते इतक्या प्रेमाने म्हणत की ऐकणाऱ्यालाही हातोडा उचलावासा वाटे. आता पतसंस्थेचा नियम असा की कर्जदाराची बाकी राहिली तर ती जामीनदाराच्या फंडातून कापायची. म्हणजे त्या दोन खोल्यांच्या पायात मी बसलो होतो.

माझ्या कर्जाचं कारण सांगायला आजही लाज वाटते, म्हणून पटकन सांगून टाकतो: अळंबी. कुठल्याशा शिबिरात ऐकलं की अळंबीला फार भविष्य आहे, आणि ज्या गावात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग बघून घड्याळ लावावं त्या गावात मी शेड भाड्याने घेऊन अळंबी पिकवायला बसलो. गिऱ्हाईक म्हणे, पावसात डोंगरात आपोआप उगवती ती इकत कोन घेनार? शेड बंद पडली, हप्ते चालू राहिले. पहिल्या हप्त्यासाठी भिशी उचलली, भिशीसाठी फायनान्सवाल्याकडे गेलो, फायनान्सवाल्यासाठी शाळासोबत्याकडे. कारखान्याचा ताळेबंद पैशापर्यंत जुळवणारा मी, स्वतःची बेरीज करायला घाबरत होतो. बसथांब्याचा सात मिनिटांचा सरळ रस्ता मी चार बोळांतून पंचवीस मिनिटांत गाठायला लागलो. दाराची कडी वाजली की आमच्या घरात कुणी श्वास घेत नसे. धाकटीला तर 'बाबा गावाला गेलेत' हे वाक्य स्वतःच्या नावाआधी पाठ झालं.

पतसंस्थेची नोटीस जामीनदाराला गेली त्या रविवारी साडू घरी आले. मी न्हाणीघरात शिरून कडी लावली आणि अंगावर तांबे ओतल्याचा आवाज काढत बसलो. ते दाराबाहेर स्टूल घेऊन बसले. मी ओततोय, ते बसलेत. शेवटी म्हणाले, "साडू, बादली केवढी हाय मला ठावं हाय. लग्नात म्याच दिलीया. चौदा तांबे झाले." मी कपड्यांसकट भिजून बाहेर आलो. त्यांनी नोटीस माझ्या ओल्या हातात दिली नाही, शाई फुटेल म्हणून स्वतःच वाचून दाखवली. मग म्हणाले, "किती जनांचं हाय?" मी म्हणालो, "सात."

इथे मी खोटं बोललो. आठ होते. आठव्या होत्या आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे साडूंचीच पत्नी. वर्षापूर्वी एका दुपारी त्यांनी आपल्या सोन्याच्या पाटल्या रुमालात बांधून मला दिल्या होत्या. "सराफाकडं ठेवा. सा म्हैन्यात सोडवा. ह्यास्नी कळू देऊ नगासा, दाजी." तेव्हापासून त्यांच्या हातात मुलाम्याच्या पाटल्या होत्या. आणि नवरा आवाजावरून धातू ओळखणारा.

पुढच्या रविवारी दुपारी साडूंनी सातही सावकारांना आपल्या खोलीवर जेवायला बोलावलं. मी म्हणालो, "साडूभाऊ, रविवार आहे, निदान मटण तरी करू." ते म्हणाले, "मटण घातलंस तर म्हनतील, पैसा हाय, लपीवतोय. तुजी वाळीव अळंबी किती उरलीया?" एक पोतं उरलं होतं. तिचा झणझणीत रस्सा झाला. किराणावाले, भिशीवाले, शेडमालक, अळंबीचं बी देणारे, फायनान्सवाले, माझा शाळासोबती आणि पतसंस्थेचे सेक्रेटरी. सातजण एकमेकांकडे न बघता सात कोपऱ्यांत बसले, खोलीला कोपरे चार असूनही. फायनान्सवाल्यांनी एक घास खाल्ला. "ह्येच्यासाठी कर्ज काढलंस व्हय?" शेडमालक म्हणाले, "चांगली लागतीया की. मग चालली का न्हाय?" या दुसऱ्या प्रश्नाने मला जास्त लागलं.

साडू उभे राहिले. "ह्येचा पगार सात तारखेला माज्या हातात. घरापुरतं काढून बाकीचं तुमच्यात वाटनार. ज्येचं जास्त त्येला जास्त. व्याज आजपास्नं बंद. दारात यिऊन वरडायचं न्हाय. कबूल असंल त्यानं हात धुवावं, नसंल त्यानं उष्ट्या हातानं कोर्टात जावं." बऱ्याच वेळाने किराणावाले उठले. मग एकेकजण. फायनान्सवाले बसूनच होते, बोटांवरचा रस्सा वाळला तरी बसून. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. माझा सगळा संसार त्या पाच बोटांवर होता. अखेर ते म्हणाले, "पानी कुठाय?"

मी सुटलो असं वाटलं, तेवढ्यात साडू माझ्याकडे वळले. "आनि कुनाचं ऱ्हायलंय? आत्ता सांग. मागनं आठवा निघाला तर समदा हिसाब मोडंल." आक्का भाताचं पातेलं घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. मी म्हणालो, "नाही." आक्कांनी मला वाढलेला भात जरा जास्तच पडला.

तिथून माझी सात तारीख सुरू झाली. पगाराचं पाकीट न फोडता साडूंच्या हातात द्यायचं, ते सात पाकिटं करत, आणि मग आम्ही दोघे चालत निघायचो. पैसे पाठवायचे नाहीत, घेऊन जायचे, तेही हमरस्त्याने. ज्या बोळांत मी लपून फिरलो त्या बोळांना साडूंनी मला पारखं केलं. "बुडव्याला पैसा कमी पडत न्हाय, तोंड कमी पडतंय. दाखव तोंड," असं म्हणत ते मला प्रत्येक दारात पुढे ढकलत. पहिल्या महिन्यात लोक आमच्याकडे टवकारून बघत, वर्षाने किराणावाले चहा सांगायला लागले. एकदा तर फायनान्सवालेच म्हणाले की नड असेल तर पुढच्या महिन्यात द्या. साडूंना अपमान वाटला. "का? ह्या म्हैन्यानं काय पाप केलंय?" माझा घरखर्चही स्टोअरच्या कायद्याने. दाढीचं पातं पाहिजे तर चिठ्ठी लिहायची आणि जुनं पातं जमा करायचं. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा मी एका पायात चप्पल आणि एका हातात अंगठा असा शुक्रवार पेठेत गेलेलो आहे.

या साऱ्यात माझं लक्ष मात्र आक्कांच्या मनगटाकडे असे. सराफाचं व्याज मी पात्यांतून, चहातून पैसे वाचवून कसंबसं भरत होतो. मुद्दल हलत नव्हतं. मुलामा दर महिन्याला थोडा उडे. आक्का पाटल्या वर कोपराकडे सारून भांडी घासत, पातेलं ठेवताना हात लांब धरत, परात तर पदर गुंडाळूनच उचलत. तीन वर्षं त्या बाईच्या हातांनी त्या घरात आवाज केला नाही.

साडूंच्या निवृत्तीला नऊ महिने उरले होते. सात तारीख होती, आम्ही पाकिटं भरत होतो, आक्का चहा घेऊन आल्या. हात ओला होता, मनगट पूर्वीपेक्षा बारीक झालं होतं. पाटली निसटली, फरशीवर पडली आणि लोळत ट्रंकेखाली गेली. साडू लिहीत होते. मान वर न करता, सवयीने, ते म्हणाले, "पितळ हाय."

आणि मग त्यांचं पेन थांबलं.

त्यांनी वाकून पाटली काढली. आतल्या बाजूने मुलामा पार उडाला होता. त्यांनी आक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "साडूभाऊ, माझंच..." ते म्हणाले, "गप. आज सातजनांचा दिस हाय." आम्ही निघालो. त्या दिवशी ते माझ्या वीस पावलं पुढे चालत होते. महिनाभर एक शब्द नाही. स्टोअरात पेन्सिल मागितली तर त्यांनी जुना तुकडा घेतला, नवी सरकवली, बस्स. घरी आक्कांशीही नाही. बायको सांगायची, आक्का जेवण वाढतात आणि भिंतीला सांगतात.

पुढच्या सात तारखेला सातही दारं झाली. एरवी सातव्या दारापासून ते सुटे होत नि मी घरी जाई, पण त्यांनी मला खुणेने बरोबर घेतलं. स्वतःच्या दारापाशी आले, चपला काढल्या आणि पायरीवर बसले. खिशातून आठवं पाकीट काढलं. "आत जा. तोंड दाखव."

"तुम्ही?"

"मी कोन? देनारा तू, घेनारी ती. दुसऱ्याच्या येव्हारात मी बसत न्हाय."

मी हिशेबनीस, रात्ररात्र तोच आकडा मांडला होता. म्हणालो, "साडूभाऊ, आठवा धरला तर पतसंस्थेचं मेपर्यंत, तुमच्या निवृत्तीपर्यंत, फिटत नाही. तुमचा फंड कापतील."

"म्हैत हाय."

"खोल्या..."

"जुनं आनून दे की पैलं," ते म्हणाले. "नवं मागनं बघू."

मी आत गेलो. आक्का चुलीपाशी होत्या. त्यांनी पाकीट घेतलं, किराणावाल्यांसारखं दोनदा मोजलं, आणि पायरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्यास्नी म्हनावं च्या झालाय. पावन्यागत भाईर बसू नगासा."

बाहेरून आवाज आला, "येव्हार झाला का?"

"झाला."

"मग येतो."

आक्कांकडे साठलेल्या त्या पाकिटांतून फेब्रुवारीत पाटल्या सुटल्या. मी आणून दिल्या तेव्हा साडूंनी त्यांतली एक फरशीवर टाकली, कान दिला, "व्हय" म्हणाले आणि स्वतः आक्कांच्या हातात चढवली. मे महिन्यात फंड कापला गेला. पतसंस्थेचे सेक्रेटरी आकडा वाचताना कागदातून मान वर काढत नव्हते, साडूच त्यांना म्हणाले, "मोठ्यानं वाचा की. चोरी हाय का?"

कळंब्याला एकच खोली झाली. दुसरीचा नुसता चौथरा, आणि चार कोपऱ्यांत वर आलेल्या सळ्या. कापलेला पैसा मी पुढची दोन वर्षं सात तारखेला नेऊन फेडला, पै न पै; पण तोवर सिमेंट, वाळू, गवंडी सगळं पुढे निघून गेलं होतं. चौथऱ्याची खोली काही झाली नाही. जी आहे तिच्या भिंतीत मात्र साडूंनी एकवीस खिळे ठोकले आहेत. घड्याळाला एक, कॅलेंडरला एक, सासूबाईंना एक. बाकीचे मोकळेच, बघायला. एकावर माझे सात बेबाकी दाखले अडकवलेले आहेत, सातजणांनी 'काही येणे नाही' म्हणून लिहून दिलेले. त्यांनीच ते माझ्याकडून जमा करून घेतले.

सगळं फिटून बरीच वर्षं झाली, तरी सात तारखेला मी कळंब्याला जातो. हमरस्त्यानेच. आम्ही त्या चौथऱ्यावर, न झालेल्या खोलीत, सतरंजी टाकून बसतो. साडू आता थोडे वाकलेत, कान मात्र शाबूत आहेत. आक्कांनी आत कप ठेवला तरी म्हणतात, येतीया. परवा बसलो असताना ते सळईवरचा गंज नखाने खरवडत म्हणाले, "साडू, समद्यांनी दाखलं दिलं. माजा तेवढा ऱ्हायलाय लिवायचा. आज नेतोस का लिवून?"

आक्का चहा घेऊन येत होत्या. बशीला पाटली लागून आवाज झाला, मोठा, बिनधास्त.

"राहू दे की," मी म्हणालो. "पुढच्या सात तारखेला बघू."

त्यांनी काढलेलं पेन परत खिशाला लावलं. "व्हय," म्हणाले, "घाई काय हाय," आणि बशी माझ्याकडे सरकवली.